अंजूच्या गाडीची मागची काच

भोजू नाईक तांडा, ता. महागाव
७ जानेवारी २०२६

दोस्ता पंजाबराव,

जय सेवालाल, आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना जय भीम.

एवढ्या वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण वणीच्या कोळशाच्या ट्रकनं माझे कान कसे खाल्ले ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत? बावीस वर्षं एका केबिनमध्ये बसलो आपण. आता फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि माझ्या ओट्यावरचा स्पीकर शेजारच्या बसंतीबाईच्या चुलीपर्यंत पोचतो. बसंतीबाईला कळलेलं पंधरा मिनिटांत अंजूला कळतं. म्हणून हे पत्र. आपला फुलचंद दर दोन-तीन दिवसांनी वणीला कोळसा भरायला येतो, त्याच्या हाती देतो आहे. त्याला वाचायची हौस आहे म्हणून पाकीट डिंकानं चिकटवलं आहे.

झालं असं. माझी अंजू यवतमाळला जनावरांची डॉक्टर आहे. दिवाळीत तिनं बॅटरीवरची मोठी गाडी घेतली. तिला ऑफिसची जीप आहे, म्हणून ही गाडी आमच्याच दारात राहते. तिची मागची काच काल सकाळी फुटली. वानर होतं. चिंचेवरून उडालं ते थेट काचेवर. सगळी काच साबुदाण्यासारखी अंगणात सांडली. तुझ्या वहिनीनं, लालीनं, झाडून दोन घमेली भरली. नशीब म्हणायचं की गाडीच्या आत एक दाणा पडला नाही.

तू म्हणशील, पोरीला सांगून मोकळा हो. तेच जमत नाही. अंजू दोन वर्षांपासून मागे लागली आहे की तांड्यावर दोघंच राहू नका, यवतमाळच्या क्वार्टरवर चला. दवाखाना इथून चौदा किलोमीटर. शेवटी आमचा तह झाला: जोवर बाबा नीट गाडी चालवतात तोवर तांडा. गाडीवर एक ओरखडा दिसला की सामान बांधायचं. क्वार्टरवर मी काय करू? तिथे सकाळी उठून माणूस कोणाशी भांडेल?

अंजू डिसेंबरापासून नागपूरला ट्रेनिंगला गेली आहे, २५ तारखेला येते. तुझं काचेचं दुकान वणीत नंबर एक आहे असं तूच सांगत असतोस. तर एक काच पाठवून दे. चिकटवायचं मी बघतो.

तुझा
सेवादास आडे

•

वणी
९ जानेवारी २०२६

सेवादास,

पाकीट फुटलेलंच मिळालं. फुलचंद म्हणतो डिंक कच्चा होता. त्यानं मला पत्र देण्याआधीच विचारलं, "काका, वानराच्या वजनानं काच फुटते का हो?"

तू म्हणतोस एक काच पाठव. जणू चिमणीची काच आहे. अरे, आपल्या ट्रकला मागे काच नव्हतीच, फळी होती, म्हणून तुला वाटतं काच म्हणजे काच. या गाडीची मागची काच म्हणजे अर्धं यंत्र असतं. तिच्यावर तांबूस बारीक रेघा पाहिल्या होत्यास? त्या नक्षी म्हणून नाहीत. बटण दाबलं की त्या तापतात आणि धुकं पुसलं जातं. काही गाड्यांत रेडिओची तारही काचेतच असते. शिवाय वायपर, आणि वरचा ब्रेकचा दिवा. गेल्याच महिन्यात एकानं कुठून तरी बिनरेघांची काच बसवून आणली. मापाला चोख. पहिल्या थंडीतच मागचं दिसेना म्हणून माझ्याकडे आला, मी पुन्हा काढून बसवली. म्हणून आधी मला गाडीच्या कागदावरचा चेसिस नंबर आणि कोणत्या साली बनली ते लिही. त्यावरून नागपूरहून नेमकी मागवतो.

विम्याचं बघ. बसवण्याआधी कंपनीला कळवावं लागतं, मागाहून ते ऐकत नाहीत. आणि चिकटवायचं तू अजिबात बघू नकोस, तो काळा मसाला म्हणजे डिंक नव्हे. बॅटरीच्या गाडीत कोणती वायर काढायची आणि कोणत्या नारिंगी वायरच्या वाटेलाही जायचं नाही, हे समजायला मी या वयात चार दिवसांचं शिक्षण घेतलं. मी स्वतः येतो. तोवर भोकावर जाड प्लास्टिक लाव, पण चिकटपट्टी रंगावर दिवसेंदिवस ठेवू नकोस. डिकी उघडझाक करू नकोस, फटीत अडकलेले दाणे रंग खरवडतात. पाणी आत जाऊ देऊ नकोस, डिकीच्या अस्तरामागे वायरींचं जाळं असतं.

आता तुझ्या वानराबद्दल. बाहेरून मार बसला की बरीचशी काच आत पडते. तू लिहितोस की दोन घमेली अंगणात आणि आत एक दाणा नाही. म्हणजे मार आतून बसला. सेवादास, तुझं वानर डिकीत बसून कुठे चाललं होतं?

तुझा
पंजाबराव

•

भोजू नाईक तांडा
१२ जानेवारी २०२६

पंजाबराव,

तू काचवाला झालास की फौजदार?

बरं, ऐक. वानर नव्हतं, मी होतो. तुरीचे कट्टे आणि एक बाज खळ्यावर न्यायची होती. सीट पाडल्या आणि भरलं. आता भरणं आमच्या रक्तात आहे. माझा आजा लदेणीचा शेवटचा माणूस, बैलांच्या पाठीवर मीठ लादून पार वऱ्हाड ओलांडायचा. तो म्हणायचा की आडे घराण्याच्या लदेणीला दोर लागत नाही, ओझ्यानं ओझं धरलं पाहिजे. दोन्ही बाजूंचं वजन असं तोलायचं की सुई घुसायला जागा उरू नये. मी तसंच भरलं. फक्त बाजेचा एक पाय मागे चार बोटं जास्त आला, आणि मी डिकी जरा जोरात आपटली. एवढंच. आता समाधान झालं?

विमा नको. मी महागावला जाऊन विचारून आलो. सगळं गाडीच्या मालकाच्या मोबाईलवरच्या नंबरानं उघडतं, आणि मालक नागपूरला वर्गात बसली आहे. तिला मी काय सांगू, की बाई गं, तुझ्या मोबाईलवर एक आकडा आला असेल तो दे आणि काय म्हणून विचारू नकोस?

प्लास्टिक लावलं. पण लालीला ते बरं दिसेना, तिनं त्यावर तिचं लग्नातलं आरशांचं कापड टांगलं. एक काच गेली तिथे दीडशे काचा लागल्या. सकाळी ऊन पडलं की समोरच्या भिंतीवर सगळीकडे उजेडाचे ठिपके नाचतात, तांड्यातली पोरं पाहायला येतात. वर बसंतीबाई विचारते, "गाडीचं लगन हाय का?" आता तूच सांग, यात लपलं काय?

चेसिस नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. लवकर ये. लाली तुझ्यासाठी बाट्या करणार आहे.

सेवादास

•

वणी
२१ जानेवारी २०२६

सेवादास,

काल तुझ्याकडे काच बसवून रात्री आठला सुखरूप घरी पोचलो. वहिनींना सांग, बांधून दिलेल्या बाट्या आर्णीच्या पुढे उरल्या नाहीत.

काचेचं आधी. लावलेल्या पट्ट्या उद्या संध्याकाळपर्यंत राहू दे. थंडीत मसाला उशिरा धरतो, म्हणून मी काल गाडी हलवू दिली नाही, उद्याही दुपारपर्यंत हलवू नकोस. दारं लावताना एक खिडकी दोन बोटं उघडी असावी. नाहीतर आतली हवा दाबली जाऊन काचेला धक्का देते. तीन दिवस धुवायची नाही. आतून पुसायची ती आडवी, रेघांच्या दिशेनं, फडकं हलकं ठेवून. रेघ एकदा तुटली की तेवढी पट्टी धुक्याचीच राहते. आणि काचेला टेकून यापुढे काही ठेवायचं नाही, आजोबांची शपथ असली तरी. तुझ्यासमोर मी बटण दाबून काचेवर श्वास सोडून दाखवला, तो वाफेचा डाग कसा विरला ते पाहिलंस ना? तसं झालं की समजायचं काम नीट झालं. वायपर आणि ब्रेकचा दिवाही तपासला. अंजू भिंग घेऊन आली तरी तिला काही दिसणार नाही.

आता जे तिथे वहिनींसमोर बोललो नाही ते लिहितो. रागावलास तरी वाच.

वायर काढण्याआधी मी चालवायच्या सीटवर बसायला गेलो. बसताच येईना. सीट स्टिअरिंगला पार चिकटली होती. मी तुझ्याहून वीतभर बुटका, तरी माझे गुडघे अडकले. तू सहा फूट माणूस, आपल्या ट्रकमध्ये सीट मागे करून पाय पसरायचास. मग पाहत राहिलो. चहाचा कप वहिनींनी तुझ्या उजव्या हाताला ठेवला, तो तू दोनदा चाचपडून घेतलास. अंगणात उजवीकडून कुत्रं आलं, ते तुझ्या पायाला लागेपर्यंत तुला कळलं नाही. सेवादास, तुला दिसत नाही. म्हणून तू सीट पुढे ओढून, काचेला नाक लावून गाडी चालवतोस. डिकी आपटल्याचंही मला खरं वाटत नाही. कुठेतरी धडकला असशील.

माझ्या क्लीनरपणाच्या काळात घाटात तू मला म्हणाला होतास, "झोप आली त सांगजो, लाजू नको. गाडीत आपल्यासंग आखीन लोकं असते." मी ते विसरलो नाही. तू मला दोस्त म्हणून बोलावलंस, मी आलो, काच लपवली. डोळा लपवणार नाही. अंजूला २५ तारखेला तू सांग. नाहीतर २६ ला मी फोन करतो, आणि माझा आवाज बसंतीबाईला स्पीकरशिवाय ऐकू जातो.

तुझा
पंजाबराव

•

भोजू नाईक तांडा
२३ जानेवारी २०२६

पंजाबराव,

तुझं पत्र परवा संध्याकाळी मिळालं. एक दिवस रागात गेला. काल लालीनं पत्र हातातून घेतलं आणि अक्षर लावत लावत सगळं वाचलं. मग माझ्याकडे इतका वेळ पाहत बसली की मला राग धरवेना.

तू अर्धं बरोबर ओळखलंस. उजवा डोळा गेला आहे. नोव्हेंबरात ढाणकीच्या शिबिरात दाखवला. काचबिंदू म्हणाले, कडेचं दिसणं आधी जातं. यवतमाळला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले, तो कागद गादीखाली आहे. यवतमाळला गेलो असतो तर अंजूला कळलं असतं.

पण धडकलो असेन हे लिहायला नको होतंस. शिबिरातून आलो त्या दिवसापासून मी त्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही. एकदाही नाही. महागावला विमा विचारायला गेलो तेही फुलचंदच्या ट्रकवर. तीस वर्षांत ज्यानं कोंबडी मारली नाही, तो एका डोळ्यानं लोकांच्या अंगावर गाडी घालेल असं तुला वाटलं, याचं मला वाईट वाटलं. रडलो म्हण.

ती सीट लालीची आहे.

शिबिरातून घरी आलो त्या दिवशी मी म्हटलं, संपलं, आता सामान बांधू. तर ही म्हणाली, "तुमच्याच्यानं होत नाई त मले शिकवा. मी का फक्त भाकरी थापाले हाय?" डिसेंबरात फुलचंदच्या बायकोसोबत जाऊन शिकाऊ लायसन काढून आली. चिन्हांच्या परीक्षेत पंधरापैकी चौदा. मग रोज सकाळी तांडा उठायच्या आत खळ्यामागच्या मोकळ्या रानात आमच्या चकरा. मी बाजूला बसून ओरडायचो, ती ऐकायची नाही, आणि गाडी सरळ जायची.

काच फुटली ती माझ्या आढ्यतेनं. रिकामी गाडी कोणीही चालवतं, भरलेली शिकली पाहिजे, असं मीच म्हणालो. तुरीचे कट्टे आणि बाज आजाच्या पद्धतीनं भरली, दोर न लावता. बैल दहा पावलं टाकून मग वेग धरतो. आपला ट्रक गुरगुरून सांगायचा की बाबा, निघालो. ही गाडी काहीच सांगत नाही. लालीनं पाय ठेवला आणि गाडी टणकन उडाली. ओझ्यानं ओझं धरलं नाही. बाज मागे घसरली आणि तिचा पाय काचेतून बाहेर. घमेली अंगणात नाही, रानात भरली.

वानराचं खोटं आणि डिकीचं खोटं मी लालीसाठी बोललो. गाडी कशीबशी दारात आणून लावली, त्यानंतर ती गाडीत बसलेली नाही. म्हणते, "मी पोरीची गाडी फोडली." काच कोणाला न कळता बसली की ती विसरेल आणि पुन्हा शिकेल, असं मला वाटलं होतं. काच बसली, पण ती बसत नाही. आता मला दिसत नाही आणि तिची हिंमत होत नाही. तांडा सुटला म्हणून समज.

परवा अंजू दुपारच्या बसनं महागावला उतरेल. मी सगळं सांगणार आहे. तू फोन करू नकोस.

सेवादास

•

भोजू नाईक तांडा
५ फेब्रुवारी २०२६

पंजाबराव काकांना अंजूचा सादर नमस्कार. पत्र याडी, म्हणजे आई, सांगते आहे आणि मी ती बोलते तसंच लिहिते आहे. तिनं तशी अटच घातली आहे.

पंजाबराव भाऊ, लालीबाईचा रामराम घ्या.

तुमचं पत्र मी वाचलं. ह्यायले दिसत नाई हे तुमाले एका दिवसात समजलं, अन् ते सगळ्यायपासून लपोता लपोता हे अर्धे झालते. मले मोठी शरम वाटली. काच फुटली म्हणून मी घाबरून बसली, अन् इकडं ह्यायनं माह्यासाठी वानर उभं केलं. पंचवीस तारखेले हे म्हणे ऑटो सांगतो. मी म्हटलं कायले? फुलचंदले घरून बलावलं, त्याचं लायसन पक्कं हाय, त्याले बाजूले बसवलं. ह्यायले मागं. अन् गेली महागावले. पहिले दोन किलोमीटर फुलचंद देवाचं नाव घेत होता.

अंजू बसमधून उतरली. मले स्टेरिंगवर पाहून बॅग खाली ठेवली. गाडीभोवती एक चक्कर मारली अन् म्हणे, "याडी, काच नवी हाय." भाऊ, तुमी म्हणत होते का भिंग घेतलं तरी दिसणार नाई. (काका, काम उत्तम आहे. पण कोपऱ्यावर बनवल्याचा महिना छापलेला असतो, आणि गाडी त्याच्या दोन महिने आधीची आहे. — अंजू)

मंग घरी आल्यावर समजलं का तिले आधीपासूनच थोडं ठाऊक होतं. ही गाडी तिले मोबाइलवर कुठं हाय ते सांगते म्हणे. रोज सकाळी गाडी रानात गोल गोल फिरून राह्यली, ते तिले नागपूरले दिसे. तिले वाटलं बाबाचं डोकं फिरलं. बिचारी तिकडं रात्र रात्र जागली अन् मोठ्या क्वार्टरचा अर्ज भरून बसली. इचारलं काहून नाई, म्हटलं, तं म्हणे, "इचारलं असतं त तुमी वानर सांगतलं असतं."

ह्यायनं बस स्टँडवरच सगळं सांगून टाकलं. डोया, शिबिर, गादीखालचा कागद. अंजू रडली, मी रडली, फुलचंदनं सगळ्यायले उसाचा रस पाजला. अंजू बापावर लय चिडली. पोट्टी बैलाच्या डोयात औषध टाकत फिरते, अन् बापाचा डोया कोणी दाखवला नाई, म्हणे. मंग घरी येऊन तिनं क्वार्टरचा अर्ज वापस घेतला. अट तिनं ठेवलीच हाय, नाव बदललं. जोवर याडी नीट गाडी चालवते तोवर तांडा. अन् पक्कं लायसन येईस्तोवर एकटीनं रोडवर जायाचं नाई, अन् डिकीत दोर लावल्याबिगर काही भरायचं नाई. हे दोरावर अजून नाराज हायत.

परवा मंगळवारी यवतमाळले मोठ्या डॉक्टरकडं नेलं. गेलं तेवढं वापस येणार नाई म्हणे, पण रोज थेंब टाकले त उरलेलं राहील. डावा डोया चांगला हाय. लवकर आणलं असतं त, असं डॉक्टर म्हणाले, अन् हे खाली मान घालून बसले. म्या त्यायचा हात धरला. चाळीस वर्षांत लोकायपुढं पयल्यांदा.

जाताना असं ठरलं होतं का आर्णीपर्यंत मी चालवायची, अंजू बाजूले, पुढं अंजू चालवेल. हे मागं. तुमाले त माहीत हाय, हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत कधी डोया मिटत नाई. एसटीत बसला तरी डरायवरच्या मागं बसून पायानं ब्रेक दाबत जातो. सगळ्या रस्त्यानं ओरडन, असं मी धरूनच चालली होती. आर्णीच्या अलीकडं पाह्यलं, आवाज काहून नाई? आरशात दिसले. मान एका बाजूले, तोंड उघडं, झोपले होते.

आर्णी आली. अंजू म्हणे, "थांब याडी, आता मी घेतो." मी म्हटलं, थांबली त ह्यायची झोप मोडन. अन् तशीच यवतमाळपर्यंत नेली.

तुमची वहिनी
लालीबाई